अर्धवट कप्पा : कुठलं पुस्तक, कुठे अडतं आणि का?

खाडीपलीकडे (१४ मे, रात्री ९.१०)

मंडळी, कामाचा धागा आहे. गजाली होतीलच, पण आधी काम.

राजापूर तालुक्यातल्या आमच्या छोट्या वाचनालयात जूनपासून एक कप्पा वेगळा काढायचं घाटतंय. नाव 'अर्धवट'. जी पुस्तकं नेली जातात पुष्कळ आणि चार दिवसांत मुकाट परत येतात, ती तिथे ठेवायची. प्रत्येकात एक चिठ्ठी : इथे गाडी अडते, या कारणाने, असं करून बघा.

तेव्हा नुसतं 'बोअर' चालणार नाही. पुस्तकाचं नाव, साधारण जागा, कारण आणि सुचला तर उपाय लिहा. 'आवडलं नाही' आणि 'पुरं झालं नाही' यांची गल्लत नको. 'ययाति' शेवटच्या पानापर्यंत वाचून मग अलंकारिक भाषेला नावं ठेवणारे ढिगाने आहेत. ते न आवडलेलं पुस्तक झालं, अर्धवट नव्हे.

पहिलं नाव माझं : 'तुंबाडचे खोत'. पहिला खंड नेतात, दुसरा मागायला कोणी येत नाही.

तिरफळ (९.१६)

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक. सुरुवात दमदार, शेवट कधी येईल कोणालाच ठाऊक नाही.

घाटावरचा (९.४१)

कोकणातल्या लेखकांची पुस्तकं घाटावर अर्धी राहतात ती पुष्कळदा शब्दांपायी. अनोळखी शब्द परवडतो, माणूस कोणाला तरी विचारतो. दगा देतो तो ओळखीचा वाटणारा शब्द. 'खळं' म्हटलं की आम्हाला मळणीची जागा दिसते. तुमच्याकडे ते घरापुढचं अंगण. 'मळा' म्हणजे आमच्याकडे भाजीपाला, तुमच्याकडे भात. 'आगर' वाचून मिठागर समजावं की नारळी-पोफळीची बाग? आणि 'कूळ' म्हणजे घराणं की दुसऱ्याची जमीन कसणारा? यातला शेवटचा चुकला तर खोतांच्या गोष्टीत कोण कोणाचा देणेकरी हेच उलटं लागतं. पन्नास पानं वाचूनही भांडण कशावरून चाललंय ते कळत नाही आणि पुस्तक मिटतं.

वाचक मठ्ठ नसतो हो. त्याला आपण चुकतोय हेच कळत नाही.

सुरंगीचा_वळेसर (९.५८)

घाटावरचे, अगदी बरोबर. यात 'वाडी' घाला. कोकणात वस्तीलाही वाडी आणि बागेलाही वाडी, वाक्यावरून ठरवायचं. 'गडगा' म्हणजे रचलेल्या दगडांचं कुंपण, 'मांगर' म्हणजे शेताबागेतलं झोपडं, 'वायंगण' म्हणजे पावसाळी पीक निघाल्यावर पाण्याच्या सोयीवर घेतलेलं दुसरं भात. शब्दसूची पुस्तकाच्या शेवटी असून उपयोग नसतो, तिथवर पोचतंय कोण. दहा शब्द पहिल्याच चिठ्ठीवर द्या. दहाच. चाळीस दिलेत तर चिठ्ठीसुद्धा अर्धवट राहील.

तिरफळ (१०.०३)

मालवणी वाचूची नसता, आयकूची असता. मोठ्यान वाचा, शेजाऱ्यांका आयकू येव दे. दोन पानांत जीभ वळता. घाय कित्याक?

घाटावरचा (१०.०७)

तुमचे हे चार शब्द मोठ्याने वाचले. कळले. मुद्दा मान्य.

सुरंगीचा_वळेसर (१०.२०)

तिरफळ गमतीत बोलले तरी त्यात तथ्य आहे. बोलीची लेखनपद्धत ठरलेली नाही. एकच क्रियापद एक लेखक एका तऱ्हेने लिहितो, दुसरा दुसऱ्या. प्रमाण मराठी वाचताना डोळा शब्दाचं चित्र ओळखतो, अक्षर जुळवत बसत नाही. बोलीत ते चित्रच ओळखीचं नसतं, म्हणून वेग निम्म्यावर येतो आणि माणसाला वाटतं पुस्तक रेंगाळतंय. उच्चार केला की कान ते काम करतो. 'वस्त्रहरण' हे मालवणी नाटक सगळ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं ते ऐकून. त्याची संहिता किती जणांनी हातात धरली असेल?

देवघेव (१०.४५)

नावावरून कळलंच असेल कुठल्या टेबलामागून लिहितेय. दोन मुद्दे.

एक, 'तुंबाडचे खोत'बद्दल. श्री. ना. पेंडश्यांची ही कादंबरी १९८७ सालची, चार पिढ्यांची, जगबुडी नदीच्या काठची. २०१८ मध्ये 'तुंबाड' नावाचा सिनेमा आला, २०२४ मध्ये तो चित्रपटगृहांत पुन्हा लागला. गावाच्या नावापलीकडे त्याचा आणि कादंबरीचा काही संबंध नाही. पण तरुण वाचक सिनेमातला राक्षस हस्तर शोधायला पहिला खंड नेतात. यात भूत नाही, खोती आहे. चिठ्ठीची पहिली ओळ हीच असू द्या : 'सिनेमाची गोष्ट यात नाही.'

आणि दुसरी ओळ खोती म्हणजे काय. खोत म्हणजे पाटील नव्हे. सरकारसाठी गावचा सारा गोळा करायचा, तो भरायची हमी घ्यायची आणि बदल्यात कुळांकडून आपला हिस्सा उचलायचा, हे वंशपरंपरेने. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती मोडायचं विधेयक मांडलं होतं, खोती प्रत्यक्षात गेली ती १९४९ च्या कायद्याने. एवढं कळलं की कादंबरीतला रुबाब कुठून येतो आणि पुढे तो का उतरतो, दोन्ही लागतात.

दोन, पुस्तक कुठवर वाचलं गेलं हे ओळखायला वाचकाला विचारू नका, तो खोटं बोलतो. पुस्तक मिटून उजेडात आडवं धरा आणि उघडायच्या बाजूची कड बघा. बोटं लागलेला भाग मळकट, न लागलेला पांढरा. पंधरा-वीस वाचकांनंतर दोन रंगांमधली रेघ स्पष्ट दिसते. तिथे अंगठा घालून उघडलं की अडखळायची जागा साधारण पाच-दहा पानांच्या फरकाने सापडते. दुसरी खूण दुमडलेल्या कोपऱ्यांची : शेवटचा दुमडलेला कोपरा कुठे आहे ते पाहा. तारीखपट्टीवरून फक्त किती दिवसांत परत आलं ते कळतं, कुठे सोडलं ते नाही.

खाडीपलीकडे (१०.५२)

हे कडेचं सुचलं नव्हतं. उद्याच सगळी काढून बघतो.

बांधणीकर (११.१५)

थांबा. कडेची रेघ दिसली म्हणून लगेच लेखकाला दोष देऊ नका. आधी फर्मे तपासा.

पुस्तक सुट्या पानांचं बनत नाही, फर्म्यांचं बनतं. मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून त्याला तीन घड्या घातल्या की ८ पत्रे, म्हणजे १६ पानं. तो एक फर्मा. फर्मे एकावर एक लावताना एखादा राहतो किंवा एकच दोनदा लागतो. मग ९६ व्या पानानंतर एकदम ११३ येतं, नाहीतर ९६ नंतर पुन्हा ८१. साध्या कादंबरीत वाचकाला चटकन कळतं. पण जिथे लेखक मुद्दामच काळ मागेपुढे करतो तिथे वाचक समजतो ही शैलीच असेल, आणि हात जोडून पुस्तक परत करतो. उडी नेमकी १६ ची किंवा ८ ची असेल तर दोष बांधणीचा. अशी प्रत प्रकाशकाकडून बदलून मागा.

दुसरं, आतला समास. सहाशे पानांचं पुस्तक नुसतं डिंकावर असेल तर ते सपाट उघडत नाही. आतला समास १५ मिलिमीटरच्या खाली गेला की ओळीची शेवटची अक्षरं कण्यात शिरतात. वाचक दोन्ही अंगठ्यांनी पुस्तक दाबून धरतो, अर्ध्या तासाने मनगट दुखतं आणि तो म्हणतो लेखक जड आहे. जड लेखक नसतो, कागद असतो.

तिरफळ (११.१८)

काका, हे शेवटचं वाक्य चौकटीत घालून समीक्षकांना पाठवा.

कुळीथपिठी (१५ मे, सकाळी ७.३०)

'हिंदू'. सगळ्यांच्या मनात आहे, मीच म्हणते.

घाटावरचा (७.५५)

हिंदूवर लिहायचं तर नीट लिहू. नेमाड्यांची २०१० ची कादंबरी, सहाशेच्या वर पानं. खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननावर असतो आणि तिथून मन गावाकडे, घराण्याकडे, बलुतेदारांकडे धावतं. वाचक कथानकाचा दोर शोधतो, तो सापडत नाही. नावाची दुसरी अर्धी ओळच अडगळीची आहे, 'जगण्याची समृद्ध अडगळ', ती लेखकाने मुखपृष्ठावर छापून सांगितलीय. माळ्यावरची अडगळ आपण क्रमाने बघत नाही, हाताला येईल ते उचलतो. तसंच वाचावं. याद्यांवर अडलात तर यादी सोडून पुढच्या माणसावर जा. काही निसटत नाही, ती माणसं पुन्हा भेटतात.

'कोसला'चं वेगळं. १९६३ ची, आकाराने लहान. तिथे अडतात ते आवाजामुळे. पांडुरंग सांगवीकर तक्रार करतोय असं धरून वाचलं तर साठ पानांत कंटाळा येतो. तो टवाळी करतोय, स्वतःचीसुद्धा, हे कानाला लागलं की पान उलटतं. होस्टेलचा भाग दोघांत मिळून मोठ्याने वाचावा, हसू येतंच. आणि तेवढ्या हसण्यावर पुढे धाकट्या बहिणीच्या मरणाचा भाग आला की तो सोसत नाही. तिथे पुस्तक मिटणारेही आहेत. त्यांना चिठ्ठी देऊ नका.

कुळीथपिठी (८.०२)

उदाहरणार्थ मी वगैरे तिथेच सोडलं वगैरे.

शिडाची_होडी (९.२०)

भाषांतरातली पुस्तकं चालतील ना? मग 'मोबी डिक'. १८५१. प्रकरणं १३५ आणि वर उपसंहार. बहुतेक लोक ३२ व्या प्रकरणावर बुडतात. कारण सरळ आहे. २८ व्या प्रकरणात कॅप्टन आहाब पहिल्यांदा डेकवर दिसतो, आता काहीतरी घडणार म्हणून आपण सावरून बसतो, आणि ३२ व्यात निवेदक देवमाशांचं वर्गीकरण सांगायला बसतो. शिवाय देवमासा म्हणजे मासाच, असा निवाडाही देऊन टाकतो. किनाऱ्यावरच्या माणसाचं डोकं तिथेच फिरतं.

उपाय : ३२ वगळा, थेट ३६ वाचा. आहाब सगळ्या खलाशांना जमवतो, सोन्याचं नाणं डोलकाठीला ठोकतो आणि पांढऱ्या देवमाशाची शपथ घालतो. गलबत खरं तिथे सुटतं. मग निवांतपणे मागे जाऊन ३२ वाचा, तेव्हा ते चक्क मजेशीर वाटतं. आणि हे आधीच माहीत असू द्या की तो पांढरा देवमासा समोर येतो तो शेवटच्या तीन प्रकरणांत, १३३ ते १३५. त्याची वाट बघत वाचलं तर पुस्तक लांबलचक. देवमाशाची शिकार, चरबी कढवणं, दोर, भाले हे कसं चालतं ते बघायला वाचलं तर भराभर जातं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना जो उभा राहून बघत बसतो त्याचं हे पुस्तक आहे.

बांधणीकर (९.४८)

त्या ३२ व्या प्रकरणात आमच्या धंद्याची गंमत आहे, कोणी सांगत नाही. तो देवमाशांचे तीन गट करतो आणि नावं देतो पुस्तकांच्या आकारांची : फोलिओ, ऑक्टेव्हो, ड्युओडेसिमो. फोलिओ म्हणजे कागदाला एकच घडी, सगळ्यात मोठं पुस्तक, म्हणून सगळ्यात मोठे देवमासे. ऑक्टेव्हो म्हणजे तीन घड्या, आठ पत्रे, काल सांगितला तोच १६ पानी फर्मा. आपल्याकडे 'डेमी १/८' म्हणतात त्यातला १/८ हाच. ड्युओडेसिमो म्हणजे बारा पत्रे, छोटं पुस्तक, छोटे मासे. म्हणजे आपला फर्मा मधल्या गटातला.

तिरफळ (९.५१)

आणि पातळ मासिक म्हणजे मांदेली.

शिडाची_होडी (९.५५)

😀 बांधणीकर काका, चिठ्ठीवर हेच लिहा, ३२ वं प्रकरण सगळे वाचतील. ९२ वं प्रकरण अंबरग्रीसवर आहे, आपल्याकडे पेपरवाले 'व्हेलची उलटी' म्हणतात तेच. ते वाचून किनाऱ्यावर शोधायला कोणी जाऊ नका. स्पर्म व्हेल वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, तो माल जवळ सापडला तर जेल.

ओवीछंद (११.३०)

उपाय सगळे डोक्याचे चाललेत. जाड पुस्तक पुरं करायची पद्धत आपल्याकडे शेकडो वर्षं आहे, तिचं नाव पारायण.

गुरुचरित्राचा सात दिवसांचा क्रम बघा : पहिल्या दिवशी ९ अध्याय, दुसऱ्या दिवशी २१ पर्यंत, मग २९, ३५, ३८, ४३ आणि सातव्या दिवशी समाप्ती. समान वाटणी नाही. दुसऱ्या दिवशी बारा अध्याय आणि पाचव्या दिवशी फक्त तीन, कारण छत्तिसावा एकटाच दमवतो. ज्याने हा क्रम लावला त्याने अध्याय मोजले नाहीत, बसायचा वेळ मोजला. ज्ञानेश्वरीतही तेच. पाचव्या अध्यायात १८० ओव्या आणि अठराव्यात १८०० च्या वर. 'रोज एक अध्याय' म्हणणारा अठराव्या दिवशी आडवा होतो.

लोक कादंबरीला 'रोज एक प्रकरण' असा नेम लावतात आणि तिथेच फसतात. आधी अनुक्रमणिका किंवा प्रकरणांची पानं मोजा, लांब प्रकरण ज्या दिवशी येईल त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका.

सुरंगीचा_वळेसर (११.५२)

ओवीछंद, सुरेख. त्याला आकडा जोडते. मध्यम वाचकाला छापील मराठी पानाला दोन मिनिटं धरा. ६०० पानांचं पुस्तक १५ दिवसांच्या मुदतीत संपवायचं तर रोज ४० पानं, म्हणजे ८० मिनिटं. एकही दिवस न चुकता. मे महिन्यात आंबे, फणस, पाहुणे, लग्नं असताना कोणाला मिळतात ८० मिनिटं? मग चौदाव्या दिवशी पुस्तक २०० व्या पानावर असतं, मुदत वाढवायला संकोच वाटतो आणि ते परत जातं. यातली काही पुस्तकं वाचकाने सोडलेली नाहीत, मुदतीने सोडवलेली आहेत.

देवघेव (दुपारी १२.१०)

हे मुकाट्याने मान्य करते. ४०० पानांवरच्या पुस्तकाला पहिल्यापासूनच महिनाभर मुदत द्यावी. नियमात बसवायला समितीचा एक ठराव लागतो, बाकी काही नाही.

दुसऱ्या_भाषेतून (१.३५)

'पन्नास पानांत पकडलं नाही तर सोडा' हा सल्ला कोणीतरी देईलच, त्याआधी सांगते. हा नियम नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपालबाईंचा आहे आणि लोक तो अर्धाच सांगतात. वाचकाचं वय पन्नासपर्यंत असेल तर ५० पानं. त्यापुढे १०० मधून वय वजा करा, उरेल तेवढी पानं. सत्तरीतल्या माणसाने ३० पानांत निकाल लावावा. आणि शंभरी गाठलीत तर मुखपृष्ठावरून ठरवायचा हक्क मिळाला, असं त्याच म्हणतात.

याच्या अगदी उलट उंबर्तो एको. 'द नेम ऑफ द रोझ'ची पहिली शंभर पानं फार जड आहेत, जरा कापा, असं त्याला छापण्याआधी सुचवलं होतं. त्याने नकार दिला. मठात शिरायचं तर मठाची चाल अंगवळणी पडली पाहिजे, ती शंभर पानं म्हणजे तपश्चर्या, अशी त्याची भूमिका. म्हणजे पन्नास पानांचा नियम लावणारा या पुस्तकात मठाच्या दारातूनच परततो. नियम पुस्तकाला लावायचा नसतो, स्वतःच्या उरलेल्या वेळेला लावायचा असतो. पर्लबाईंचं गणित नेमकं तेच सांगतं.

आता 'युद्ध आणि शांती'. अडायची जागा पहिलीच मेजवानी : १८०५ चा काळ, उमराव मंडळी, मध्येच फ्रेंच, आणि एकाच माणसाची तीन नावं. नावांचं कोडं मराठी माणसाला तरी पडू नये. प्योत्र किरिलोविच बेझुखोव यातलं मधलं किरिलोविच म्हणजे किरिलचा मुलगा, आपण वडलांचं नाव मध्ये लावतो तसंच. फ्रेंच वळणाने त्यालाच पिएर म्हणतात. नताल्या इल्यीनिच्ना रोस्तोव्हा म्हणजे घरची नताशा. एका कार्डावर चार रकाने आखा : पूर्ण नाव, घरचं नाव, कोणाचा कोण, पहिल्यांदा कुठल्या पानावर. पंचवीस नावं पुरतात, बाकीची माणसं येतात आणि जातात.

आणि उपसंहाराचा दुसरा भाग हा इतिहासावरचा निबंध आहे. तिथे थांबलात तर कादंबरी पुरी झाली समजा, अपराधी वाटून घेऊ नका.

घाटावरचा (१.५०)

तो निबंध हाच कादंबरीचा कणा आहे असं म्हणणारेही आहेत.

दुसऱ्या_भाषेतून (१.५३)

आहेत. ते कण्यावरच वाचत बसतात, बाकीचं शरीर विसरतात.

कुळीथपिठी (२.२०)

मार्केसचं 'एकाकीपणाची शंभर वर्षं'? प्रत्येक दुसरा माणूस ऑरेलियानो. एका कर्नलच्या तर सतरा मुलांची नावं तीच.

सुरंगीचा_वळेसर (२.३४)

आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत आपल्याकडेही आहेच की. तुंबाडलाही हाच त्रास होतो. वंशवृक्ष आधी छापलेला असला तर त्यात पुढची लग्नं आणि बाळंतपणं आधीच फुटतात. आपण काढावा तो कोरा : आडव्या ओळी पिढ्यांच्या, माणूस पुस्तकात येईल तसं नाव भरायचं. एक युक्ती त्या कादंबरीपुरती : ऑरेलियानो नावाचे सगळे एकलकोंडे, होझे आर्कादियो नावाचे सगळे दांडगट. नाव विसरलं तरी स्वभावावरून घर सापडतं. फक्त जुळ्यांच्या जोडीत उलटापालट आहे.

देवघेव (३.०५)

जाडीवरच सगळे बोलतायत. पातळ पुस्तकंही पडून राहतात. 'रणांगण', १९३९. एका बैठकीचं पुस्तक. जहाजावर जर्मन ज्यू निर्वासित कशाला आहेत, त्यांना परत का जाता येत नाही, हे आजच्या मुलांना पहिल्या पानांत लागत नाही आणि ते प्रेमकथा समजून नेतात. चिठ्ठीवर एकच ओळ पुरे : महायुद्धाच्या तोंडावरचा काळ, हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेली माणसं.

खानोलकरांचं 'कोंडुरा' (१९६६). वेंगुर्ल्याजवळ कोंडुरा नावाचा किनारा खरोखरच आहे, म्हणून सिंधुदुर्गातले वाचक ओळखीची जागा बघायला नेतात. अडतात ते 'हे खरं घडलं की भास' याचं उत्तर शोधताना. लेखकाला ते सोडवायचंच नाही. देवचाराला नारळ देणाऱ्या माणसाला आपण 'पुरावा काय' विचारत नाही, तितपत वाचकाने इथे गप्प बसावं.

आणि मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस' (१९४२), संज्ञाप्रवाहाची, म्हणजे मनात येतील तसे विचार मांडत जाणारी. ती कोणी नेतच नाही, त्यामुळे अर्धवट राहण्याचा प्रश्न नाही.

घाटावरचा (३.२२)

'मृत्युंजय' घालायचं का कप्प्यात?

दुसऱ्या_भाषेतून (३.३०)

नको. ते लोक संपवतात. तक्रार वेगळी आहे : कर्ण, कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन, कृष्ण असे सहा जण बोलतात आणि सगळे एकाच आवाजात, एकाच उपमा घेऊन. मला तो दोष वाटतो. ज्यांना ते कीर्तनासारखं कानाला गोड लागतं त्यांना नाही वाटत. धाग्याच्या नियमाने हे न आवडलेल्यांत.

ओवीछंद (३.३३)

कीर्तनात आवाज एकच असतो, ताई. दोष कसला?

दुसऱ्या_भाषेतून (३.३५)

कीर्तनकार एकच असतो म्हणून. इथे सहा जण आहेत असं सांगितलंय.

बांधणीकर (संध्याकाळी ६.१०)

'हिंदू'सारख्या पुस्तकांना साधा उपाय : दोन भाग करा. ओरडू नका, आधी ऐका.

मध्याजवळ प्रकरण संपतं ती जागा बघा. शिवणीची बांधणी असेल तर दोन फर्म्यांच्या मधोमधच तोडा, फर्मा फोडायचा नाही. डिंकाची असेल तर पुस्तक तिथे पूर्ण उघडून धारदार पात्याने आतून कण्याचा डिंक वरून खाली एकाच ओढीत कापा. दोन्ही भागांच्या कण्याला पांढऱ्या फेविकॉलचा पातळ हात, त्यावर मलमलची पट्टी, दोन्ही बाजूंना दीड-दोन सेंटिमीटर उतरेल अशी. वर पुन्हा एक हात. मग बटरपेपरमध्ये गुंडाळून वजनाखाली एक रात्र. पावसाळ्यात दोन रात्री, आपल्याकडे एका रात्रीत काही सुकत नाही. पहिल्या भागाला मूळ मुखपृष्ठ, दुसऱ्याला साधं कार्ड. सुट्या पानांना सेलोटेप लावू नका, वर्षा-दोन वर्षांत पिवळी पडते आणि तिचा चिकटा शेजारच्या पानात उतरतो.

तिरफळ (६.१४)

हिंदूची फाळणी! काका, धागा बंद पडेल.

देवघेव (६.३०)

फाळणीपेक्षा दाखल नोंदवहीचं बघा. एका दाखल क्रमांकाच्या दोन वस्तू झाल्या की पुस्तक-पडताळणीत एक नेहमी हरवलेली निघते. करायचंच असेल तर क्रमांकापुढे अ आणि ब लिहा, नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात तारीख घाला आणि दोन्ही भाग एकाच वेळी द्या. नाहीतर तुंबाडसारखंच होईल, पहिला भाग फिरतोय आणि दुसरा धूळ खातोय.

कुळीथपिठी (६.४१)

विषयांतर, पण पाऊस तोंडावर आहे म्हणून. न फिरणाऱ्या पुस्तकांना बुरशी लवकर लागते. अर्धवट कप्पा भिंतीला लावणार असाल तर सांभाळा.

बांधणीकर (७.०५)

विषयांतर नाही, बुरशीचं पुस्तकही अर्धवटच राहतं. चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, खालचा कप्पा रिकामा, पुस्तकं एकमेकांत बोट जाईल इतकी सैल. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती पसरते. आधी सावलीत वाऱ्यावर सुकवा, मग खोलीबाहेर नेऊन मऊ ब्रशने झटका, नाकातोंडाला फडकं बांधून. कडक उन्हात ठेवलंत तर पुठ्ठा वाकतो. गुळगुळीत आर्ट पेपरची चित्रं भिजली तर ओली असतानाच पानं वेगळी करा. एकदा चिकटून सुकली की ती वीट झाली, पुढे कोणीही पुरं करू शकत नाही.

जुन्या बांधणीत मैद्याची खळ असते, कसरीला ती फार आवडते. म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालायची पद्धत होती. मोरचूद विषारी. जुनं पुस्तक वाचताना बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय असेल त्यांनी ती सोडावी.

खाडीपलीकडे (रात्री ९.००)

सकाळी देवघेव ताईंनी सांगितलं तसं एकवीस पुस्तकांच्या कडा पाहिल्या. चौदांत रेघ साफ दिसते. दोन पुस्तकांत फर्मा गायब निघाला, एकात ६४ नंतर ८१. म्हणजे ती दोन लेखकाच्या नावावर उगाच खपत होती. 'तुंबाडचे खोत' पहिल्या खंडाची रेघ सुरुवातीलाच आहे, जिथे दुसऱ्या-तिसऱ्या खोताची नावं मिसळायला लागतात.

चिठ्ठीचा मसुदा असा :

'सिनेमाची गोष्ट यात नाही. खोत म्हणजे सारा गोळा करून सरकारला भरणारा वतनदार. कूळ म्हणजे त्याची जमीन कसणारा. आगर म्हणजे बाग. खळं म्हणजे अंगण. सोबतच्या कोऱ्या कागदावर पिढ्यांच्या चार ओळी आखल्या आहेत, नावं भेटतील तशी भरा. मुदत एक महिना. दोन्ही खंड एकदम मिळतील.'

कोरा कागद प्रत्येक वाचकाला नवा. कसा वाटतो?

सुरंगीचा_वळेसर (९.१२)

'वतनदार' काढा, त्यावरही लोक अडतील. 'सारा गोळा करून सरकारला भरणारा' एवढंच पुरे. बाकी ठीक.

घाटावरचा (९.१५)

'कूळ'ला पहिल्या क्रमांकावर घ्या.

बांधणीकर (९.३०)

चिठ्ठी डिंकाने चिकटवू नका, कसर लागते. टाचणी आणि स्टेपल तर नकोच, एका पावसात गंजून पानावर तांबडा डाग पडतो. पुस्तकापेक्षा बोटभर लांब पट्टी कापा आणि नुसती आत सरकवा, डोकं वर दिसलं पाहिजे. शाईच्या पेनने लिहू नका, ओलीने फुटते.

खाडीपलीकडे (९.३३)

मग बॉलपेन?

बांधणीकर (९.३४)

पेन्सिल. दुरुस्त्या होतच राहणार.